फ्रीजमधली टाचणी आणि अण्णांची लेन्स

गेल्या वर्षी इथेच मी कासच्या सहलीबद्दल लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : "दवात भिजलेल्या टाचणीचा हा फोटो मी पहाटे दोन तास ओढ्याकाठी बसून, तिला हात न लावता काढला. संयम असेल तर छोटी मॅक्रो लेन्सही पुरते."

हे वाक्य चुकीचं आहे. चुकीचं म्हणजे खोटं आहे.

टाचणी म्हणजे चतुर या किड्याचीच बहीण; काडीसारखी बारीक, बसली की पंख मिटून घेणारी. ती मी आदल्या संध्याकाळी प्लास्टिकच्या डब्यात पकडली. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी ती गारठून निपचित झाल्यावर गवताच्या पात्यावर नेऊन बसवली आणि तिच्यावर बाटलीतून पाणी फवारलं. दव नव्हतं. दोन तासही नव्हते. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

जुन्या लेखातलं ते वाक्य मी काढून टाकलेलं नाही. त्यावर रेघ मारून शेजारी खरं काय ते लिहिलं आहे. बाबा सैन्यात होते आणि सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून चौथीपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं. आईच्या शाळेत खोडरबर नव्हतं. चुकलं की त्यावर एकच रेघ मारायची आणि वर बरोबर लिहायचं. "खालचं वाचता आलं पाहिजे," ती म्हणायची, "नाहीतर आठवड्याने तुलाच वाटेल, मी चुकलेच नव्हते." मला वर्षभर तसंच वाटत राहिलं.

आता या खेपेच्या प्रवासाबद्दल. त्याची सुरुवात एका पत्राने झाली. तासगावच्या एका मुलीने लिहिलं होतं : "ताई, तुमचा लेख वाचून मीही तीच छोटी लेन्स घेतली. चार महिने झाले, एकही किडा मिळाला नाही. जवळ गेलं की उडतो. संयमच कमी पडतो माझा." मी तिला उत्तर पाठवलं, "सराव करत राहा." पाठवलं आणि तिचं पत्र पुन्हा वाचलं. तिचा संयम कमी पडत नव्हता. त्या लेन्सने जिवंत, जागी टाचणी मलाही मिळाली नव्हती.

मग ठरवलं की वेगवेगळ्या मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणाऱ्या लेन्स, स्वतः वापरून बघायच्या आणि नवा, नीट लेख लिहायचा. फ्रीजबद्दल मात्र लिहायचं नाही. हेही सांगायलाच हवं, कारण निघताना माझा बेत एवढाच होता. अर्धी दुरुस्ती करायची आणि पूर्ण केल्याचं समाधान मिळवायचं.

मंगळवारी सकाळी साताऱ्याहून सांगलीची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेळेचा होता. महामार्गाचं काम ठिकठिकाणी चालू आहे, कराडच्या अलीकडे गाडी बराच वेळ एका जागी उभी होती. तीन तास धरून निघू नका, चार धरा. कराड स्टँडवर चहा आणि गरम वडा मिळाला. पेठ नाक्यापासून पुढे दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये कुठे हळदीचं शेत. खिडकी बंद ठेवा. कॅमेऱ्याच्या पिशवीवर धुळीचा थर बसतो. सांगली स्टँडवरून मिरजेकडे जाणारी कुठलीही सिटी बस विश्रामबागला सोडते.

विश्रामबागला अण्णा राहतात. ते माझे नातेवाईक नाहीत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले जैन गृहस्थ. वय पंचाहत्तरच्या पुढे. निवृत्तीनंतर त्यांनी किड्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. गेल्या वर्षीचा माझा लेख त्यांना काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, वाचून दाखवला होता, कारण अण्णांना पडद्यावरचं वाचवत नाही. त्यानंतर त्यांनी फोन करून फोटोचं कौतुक केलं होतं आणि, "आमच्याकडे लेन्स आहेत, कधी बघायच्या असल्या तर ये," असं सांगितलं होतं. वर्षभर अधूनमधून बोलणं होत राहिलं. भेट मात्र ही पहिलीच.

दार काकूंनी उघडलं. "आलीस का बाळ? ये. हे सकाळपासून दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले."

"एकदा," आतून आवाज आला. "दुसऱ्यांदा दूध आणायला गेलो होतो."

"पिशवी न घेता?" काकू म्हणाल्या.

मी हसत आत गेले आणि भिंतीकडे बघितलं. कॅलेंडरच्या शेजारी, काचेच्या चौकटीत, माझी टाचणी होती.

"देवळातनं आले की आधी इथे उभे राहतात," काकू म्हणाल्या. "मग चपला काढतात."

"चपला आधी काढतो गं," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बस. आधी जेवण. लेन्स पळून जात नाहीत, भात गार होतो."

ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. कांदा-लसूण नाही आणि त्याची आठवणही झाली नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवून घेतात, तेव्हा कुणा जैन घरी जाणार असाल तर वेळ बघून जा. मला त्या दिवशी परतायचं असल्याने काकूंनी बिनलसणाचं भडंग बांधून दिलं. सांगलीचं भडंग लसणाशिवाय म्हणजे मला शंकाच होती, पण ते इस्लामपूर यायच्या आत संपलं.

जेवणानंतर अण्णांनी ओसरीवर पांढरं धोतर पसरलं आणि त्यावर लेन्स मांडल्या. दोन त्यांच्या, तिसरी माझी. त्यांच्या अंगणात हळदीचं रोप लावलेलं पिंप आहे. त्याच्या पानांवर मुंग्यांची ये-जा चालू होती. त्याच मुंग्यांवर आम्ही दीड तास काढला. जे कळलं ते, माझ्यासारखाच लहान मिररलेस कॅमेरा असणाऱ्यांसाठी, जसंच्या तसं लिहिते.

माझी तीस मिलिमीटरची छोटी लेन्स हलकी आहे, खिशात मावते आणि चित्र सुरेख देते. पण किडा पूर्ण आकारात हवा असेल तर लेन्सचं तोंड त्याच्यापासून दोन बोटांवर न्यावं लागतं. तिथे लेन्सचीच सावली त्याच्यावर पडते आणि मुंगी वाट बदलते. शेवाळं, दगडफूल, नाणी, सीतेची आसवं यांसारखी जागेवर राहणारी छोटी फुलं यांच्यासाठी ती चांगली. साठ मिलिमीटरची मधली लेन्स चार बोटं मागे राहू देते, सावली टळते, वजनही बेताचं. एकच घ्यायची असेल आणि फुलं-किडे दोन्ही हवे असतील, तर मी आज हीच घ्या म्हणेन. शंभर मिलिमीटरची लांब लेन्स वीतभरापेक्षा थोड्या कमी अंतरावरून काम करते. अण्णांची ती जुनी, धातूची, अडॅप्टर लावून बसवायची आणि फोकस हातानेच करायचा. लहान कॅमेऱ्यावर ती जड होते, तोंडाकडून वाकते. कॅमेरा नव्हे, लेन्स धरायची. पण मुंगीला आपण आलोय हे कळतच नाही.

"रिंग फिरवत बसू नकोस," अण्णा सांगत होते. "रिंग एकदा लाव आणि तू पुढे-मागे हो. श्वास सोडलास की थांब. हां, आता."

फोटोत मुंगीच्या मिशीवरचे केस दिसत होते. मी ओरडलेच.

"अण्णा, लय भारी!"

"माझा हात आता थरथरतो," ते म्हणाले. "दोन वर्षं ही कपाटात पडून आहे. तू घेऊन जा."

मला वाटलं, वापरून बघायला. मी तसं म्हणाले.

"परत आणायला नव्हे. तुलाच. पैशाचं काढलंस तर जेवण परत मागेन."

काकू हसल्या. मी हसले नाही. अण्णा पिंपाशेजारी ओसरीच्या कडेवर बसले आणि सांगू लागले. त्यांच्या आवाजात उपदेश नव्हता, म्हणूनच ते ऐकणं अवघड गेलं.

"तीस वर्षं पोरांकडून बेडूक कापून घेतले. झुरळं मारून ट्रेमध्ये मांडली. पोटासाठी केलं, अभ्यासक्रमात होतं, सगळं खरं. घरी मात्र पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून प्यायचो. ही विचारायची, तिकडचं काय? मी म्हणायचो, तिकडे मास्तर असतो. निवृत्त झालो त्या दिवशी ठरवलं की आता बघायचं फक्त. हात लावायचा नाही. कितीतरी पोरांना लेन्स दाखवली, बाळ. सगळे विचारतात, सर, पकडून केलं तर? फ्रीजमध्ये ठेवलं तर? इंटरनेटवर तसंच सांगतात. तुझा लेख हिने वाचला तेव्हा म्हटलं, ही एक आहे. बसणारी." मग त्यांनी चौकटीकडे बघितलं. "खरंच दोन तास बसलीस गं?"

वाचणाऱ्यांनो, इथे मी थांबू शकले असते. अण्णांनी दार उघडून धरलं होतं. त्यांनी फ्रीज हा शब्दसुद्धा स्वतःच उच्चारला होता. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "पाय बधिर झाले होते."

पायांचं कुणी विचारलंही नव्हतं. गेल्या वर्षी खोटं लिहिताना निदान समोर कोणी नव्हतं. या वेळी समोर बसून बोलले, वर त्यात भर घातली, आणि त्यांनी धोतराच्या टोकाने पुसून, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून दिलेली लेन्स दोन्ही हातांनी घेतली.

निघताना काकू म्हणाल्या, "नवा लेख लवकर लिही. रविवारी जेवण झालं की मी ह्यांना वाचून दाखवते, तेवढीच ह्यांची चैन. आणि पर्युषण संपलं की क्षमावाणीला जेवायलाच ये."

बुधवारी दुपारी साताऱ्याहून बामणोलीची एसटी पकडून कासच्या बाजूला गेले. बेत आधीच ठरलेला होता, खोली सांगून ठेवलेली होती. आता त्यात एक हट्टही मिसळला होता. मला वाटत होतं की या लेन्सने एक खरी टाचणी मिळवली, खरोखर पहाटे बसून, तर मागचं आपोआप फिटेल. चौकटीतला फोटो हळूच बदलता येईल. अण्णांना सांगता येईल, हा जास्त चांगला आलाय, तो काढा.

पठारावर जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ऑगस्टच्या शेवटी फुलं नुकतीच सुरू होतात, हंगामात आधी नोंदणी लागते, आणि शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा बघूनच परतावंसं वाटतं. मी कुंपणाच्या आत गेलेच नाही. गावामागच्या ओढ्याला टाचण्या भरपूर असतात. राहायला सुमनमावशींकडे, म्हणजे गेल्या वर्षीच्याच घरी. ओसरीलगतची एक खोली, गरम पाणी चुलीवरचं, दोन वेळचं जेवण धरून दर परवडणारे. रेनकोटवर विसंबू नका, छत्रीही आणा. तिथला पाऊस आडवा येतो.

सुमनमावशींनी मला बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "आवं ताई, ह्या बारीला डबा न्हाई आनला व्हय?"

मी म्हणाले, "नाही मावशी."

"मी म्हनलं, फ्रीजात जागा करून ठिवावी. मागल्या टायमाला तुमची पावनी दह्याच्या शेजारी झोपली व्हती. आमच्या मालकांनी ताक म्हनून डबा उघाडला, आन् असं दचकलं म्हनता!" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "आजून सांगत्यात, लोकं फ्रीजात भाजी ठिवत्यात, ह्या ताई किडं ठिवत्यात."

मीही हसले. हसणं संपेपर्यंत माझे कान तापले होते. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर जीव मुठीत धरून होते, ती या घरात विनोद म्हणून सांगितली जात होती.

"मावशी, ती मग उडाली का?" मी विचारलं. फोटो काढून झाल्यावर मी तिला तिथेच पात्यावर सोडून पिशवी भरायला आले होते. ऊन आलं की उडेल, असं स्वतःला सांगितलं होतं. खरं तर मागे वळून बघितलं नव्हतं.

"कुठली उडतीया!" मावशी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मी धुनं घिऊन गेलती तवा तिथंच व्हती. मुंग्या लागल्या व्हत्या." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आवं, किडा त्यो. एवढं काय तोंड करताय? मासं खाता न्हवं?"

त्यात दोष मावशींचा नव्हता. त्या कुणालाच फसवत नव्हत्या.

गुरुवारी पहाटे साडेपाचला ओढ्यावर गेले. धुकं होतं, पाऊस थांबला होता. पाण्याकडेच्या गवतात पाच-सहा टाचण्या पात्यांना धरून बसलेल्या, अंगभर दव. खरं दव. त्याचे थेंब माझ्या फवाऱ्यातल्या थेंबांसारखे एकसारखे नसतात. काही इतके बारीक असतात की पंख धुरकट दिसतात. अण्णा तर प्राणिशास्त्राचे. चौकटीतल्या फोटोतले ते टपोरे थेंब बघून त्यांना शंका आली नसेल का? बहुतेक आली नसावी. माझ्यावर विश्वास ठेवायचा ठरवल्यावर त्यांनी थेंब तपासले नसतील.

गुडघे चिखलात, लेन्स डाव्या तळहातावर. श्वास सोडून थांबायचं. पहिल्या चाळीस फोटोंत काहीच नव्हतं. वारा पातं हलवायचा आणि डोळ्यावरचा फोकस शेपटीवर जायचा. पाय खरोखर बधिर झाले. सातनंतर कोवळं ऊन आलं. एका टाचणीने पुढचा पाय उचलून डोळ्यावरचा थेंब पुसला, आपण चष्मा पुसतो तसा. एक फोटो मिळाला. त्यात डोळा स्पष्ट आहे, पंख निम्मा धूसर, मागे एक काडी आडवी आलेली. पुढच्या क्षणी ती उडाली. माझ्यापासून वीतभर अंतरावरून, काही घाई न करता.

मला रडू आलं. आनंदाने म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं. इतकं सोपं होतं ते. योग्य लेन्स, लवकर उठणं, आणि फोटो जरा वाईट आला तरी चालेल एवढी तयारी. ती तिसरी गोष्ट माझ्याकडे नव्हती, म्हणून एक जीव गेला.

परतीच्या गाडीत दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. फ्रीजमधला जास्त सुंदर आहे. कुणालाही विचारा, तोच निवडतील. म्हणजे चौकटीतला फोटो गुपचूप बदलण्याचा माझा बेतही फसला, अण्णा म्हणाले असते, "आधीचाच बरा होता, बाळ." आणि मला परत "हो" म्हणावं लागलं असतं.

शुक्रवारी, म्हणजे आज, घरी बसून हे लिहिते आहे. लेन्स टेबलावर आहे, त्यांच्याच धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. तासगावच्या मुलीला सकाळी लिहिलं : तुझा संयम ठीक आहे, माझा सल्ला खोटा होता, आणि का, तेही. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. येईलच असं नाही.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "क्षमावाणीला बोलावलंय ना त्यांनी? तेव्हा सांग. तो दिवसच त्यासाठी असतो."

मीही गाडीत तोच विचार केला होता, पण मग सोडून दिला. क्षमावाणीच्या दिवशी जैन घरांत सगळे एकमेकांना हात जोडून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात, लहान मोठ्यांची आणि मोठे लहानांची. मी तोंड उघडायच्या आत अण्णाच माझ्यापुढे हात जोडतील. मला सगळ्यांबरोबर, पानावर बसता बसता, माफी मिळून जाईल आणि काय केलं ते सांगायचं राहून जाईल. फोनही नको, त्यांना फोनवर निम्मंच ऐकू येतं, आणि नेमकं तेच मला सोयीचं वाटेल.

मला त्यांची क्षमा मिळेल का, माहीत नाही. मिळाली तर लेन्स मला ठेवता येईल का, याचा विचार मनात येतो आणि त्याचीच लाज वाटते. ती परत द्यायचीच आहे. चौकट उतरवायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं. मी फक्त तिच्यात काय आहे ते सांगायचं : रात्रभराचा फ्रीज, बाटलीतलं पाणी, मुंग्या. आणि मंगळवारचं ते "हो".

लेख आत्ताच प्रसिद्ध करते आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. काकू तो रविवारी, जेवण झाल्यावर, मोठ्याने वाचतील. त्याआधी अण्णांनी हे माझ्या तोंडून ऐकायला हवं. सांगलीची पहिली एसटी सकाळी सुटते, रस्त्याचं काम धरून चार तास. मी उद्या, शनिवारी, जाते आहे.